तुमच्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं? विज्ञान विभागप्रमुखांना खुलं पत्र

विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या सर्व विज्ञान विभागप्रमुखांस,

स. न. वि. वि.

मी रसायनशास्त्राची एमएस्सी आहे. गेली एकोणीस वर्षं औषधांच्या गुणवत्ता तपासणीत काम करते आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं नवे अ‍ॅनालिस्ट निवडण्याचं कामही माझ्याकडे आहे. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारते. त्याला गुण नसतात आणि तो का विचारते हेही मी सांगत नाही. ‘तुमच्या विभागातून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं आज काय करतात?’

एखादा मुलगा ओळखीच्या सीनियरचं सांगतो, तो कुठेतरी पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचं तात्पुरतं संशोधन, करतोय म्हणून. एखादी मुलगी म्हणते, काही जण शिकवतात बहुतेक. बाकीचे गप्प राहतात. मागच्या खेपेला आलेल्या एका हुशार मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही, मॅडम. आणि विचारावं असं आम्हालाही सुचलं नाही.’ तिचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. विज्ञान शिकलेल्या मुलीला आपल्याच भवितव्याबद्दल प्रश्न विचारावासा वाटला नाही. तो सुचावा असं वातावरण तिला पाच वर्षांत मिळालं नाही, याला ती जबाबदार आहे असं मला वाटत नाही.

म्हणून मी एका विभागात फोन केला. विभागप्रमुख अतिशय सौजन्याने बोलले. प्रवेश किती झाले, उत्तीर्ण किती, प्रथम श्रेणीत किती, कोणत्या साली सुवर्णपदक कुणाला, हे सगळं तीस वर्षांचं त्यांच्याकडे तयार होतं. ती मुलं पुढे कुठे गेली, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘ते आमच्याकडे नसतं हो. पत्ते बदलतात, नंबर बदलतात.’ त्यांनी हे अगदी सहज सांगितलं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मोजायला मला तुम्हीच शिकवलंत. ब्युरेटमधल्या द्रवाची खालची कड डोळ्यांच्या रेषेत आणल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही. एकाच रीडिंगवर विसंबायचं नाही. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो आणि नंतर कुणालाही तपासता येतो. ही शिस्त म्हणजे माझी रोजची भाकरी आहे. आमच्या धंद्यात पुसलेल्या आकड्यामुळे नोकरी जाते आणि ती जायलाच हवी. पण हे शिकवणाऱ्या विभागाचं सर्वांत मोठं फलित, म्हणजे दरवर्षी बाहेर पडणारी शे-दीडशे माणसं, त्याचं रीडिंग मात्र कुणी घेत नाही. प्रयोग संपतो आणि वही कोरी राहते.

विज्ञानाच्या पदवीधरांच्या नोकऱ्यांवर लिहिलं खूप जातं, पण ते बहुतेक भविष्याबद्दल असतं. अमुक क्षेत्रात लाखो जागा येणार, तमुक विषय संपणार. या भाकितांवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १९५७ साली सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह अवकाशात गेला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला, पैसा ओतला गेला, भौतिकशास्त्रज्ञ कमी पडणार म्हणून मुलांना त्या विषयाकडे वळवलं गेलं. ती मुलं डॉक्टरेट घेऊन बाहेर पडेपर्यंत सरकारी पैशाचा ओघ आटला होता. १९७१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सच्या नोकरीविषयक सेवेकडे १,०५३ अर्जदार होते आणि जागा होत्या ५३. हे अर्जदार आळशी नव्हते की कमी हुशार नव्हते. देशाला तुमची गरज आहे, असं त्यांना दहा वर्षांपूर्वी सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

इतकं होऊनही शहाणपण आलं नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच देशाच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधून पुन्हा एक अंदाज निघाला. पुढच्या काळात सुमारे पावणेसात लाख शास्त्रज्ञ आणि अभियंते कमी पडतील, असा. तुटवडा आलाच नाही. अंदाज इतका फसला की १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेत त्यावर सुनावणी झाली. १९९३ मध्ये टेक्सासमधला महाकाय कणत्वरक, सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर, बोगद्याचं खोदकाम निम्म्यावरही पोचलेलं नसताना रद्द झाला आणि त्याच्या भरवशावर असलेले कितीतरी तरुण भौतिकशास्त्रज्ञ शेअर बाजाराच्या गणितांकडे वळले. कुणी त्यांना दोष देऊ नये. समीकरणं सोडवता येणाऱ्या माणसाला जिथे काम मिळालं तिथे तो गेला.

म्हणून माझी मागणी भाकिताची नाही. पुढची दहा वर्षं कशी असतील, हे तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. मागच्या दहा वर्षांत काय घडलं ते मात्र कळू शकतं. ते तुम्ही लिहून ठेवा आणि प्रवेशाच्या आधी मुलांसमोर ठेवा, एवढंच मागते आहे.

हे अशक्य नाही, कारण काहींनी केलं आहे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये तिथल्या विज्ञानातल्या डॉक्टरेटधारकांच्या वाटा आकड्यांत मांडल्या. निम्म्याहून अधिक जण, ५३ टक्के, पदवी हाती पडताच विज्ञानाबाहेरच्या कामात जातात. विद्यापीठात कायमस्वरूपी संशोधक होणारे ३.५ टक्के. प्राध्यापकपदापर्यंत पोचणारे ०.४५ टक्के, म्हणजे दोनशेत एकसुद्धा नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या वर्गात आम्ही चोवीस जण होतो. त्यातल्या किमान वीस जणांना प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ व्हायचं होतं, कारण त्याशिवाय दुसरं काही असतं हे आम्हाला दिसलंच नव्हतं. आमच्यासमोर उभी राहणारी सगळी माणसं प्राध्यापक होती.

टोरांटो विद्यापीठाने २०००पासून २०१५पर्यंत डॉक्टरेट मिळवलेल्या आपल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा शोध घेतला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर केले. त्यांनी कुणाला पत्रं पाठवली नाहीत, फॉर्म भरायला लावले नाहीत. इंटरनेटवर उघडपणे उपलब्ध असलेली माहिती वापरली. ‘पत्ते बदलतात हो’ या उत्तराला यापुढे फारसा अर्थ उरत नाही. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतली नऊ विद्यापीठं आणि एक संशोधन संस्था एकत्र आली आणि जीवविज्ञानात डॉक्टरेट करणाऱ्यांना किती वर्षं लागतात, किती जण मध्येच सोडतात, नंतर कुठे जातात, हे सगळं खुलं करायचं त्यांनी ठरवलं. ब्रिटनमध्ये पदवीधरांची पाहणी पूर्वी सहा महिन्यांनी व्हायची. सहा महिन्यांत माणसाचं काहीच ठरलेलं नसतं, हे लक्षात आल्यावर ती आता पंधरा महिन्यांनी होते. माझ्या मते पंधरा महिनेही थोडेच आहेत. त्याकडे पुढे येते.

मी हे लिहिते तेव्हा काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी पडणार, हे मला माहीत आहे. आम्ही नोकऱ्या लावणारी कचेरी नाही, विज्ञान हे ज्ञानासाठी असतं, असं म्हटलं जाईल. हे मला मनापासून मान्य आहे. बाजारात काय खपतं ते बघून विषय बंद करा किंवा सुरू करा, असं मी मुळीच म्हणत नाही. भाकितांचा वर सांगितलेला इतिहास पाहता तसं करणं मूर्खपणाचं ठरेल. शुद्ध गणित शिकायला येणाऱ्या मुलाला ०.४५ हा आकडा दाखवा आणि तरीही तो बसला, तर तो स्वतःच्या निर्णयाने बसला. आज तो अंदाजाने बसतो आणि तिशीत पोचल्यावर त्याला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी होतं. मी अशी माणसं पाहिली आहेत. दोन पोस्टडॉक करून आलेला, माझ्यापेक्षा चांगला रसायनशास्त्रज्ञ असलेला एक गृहस्थ माझ्यासमोर मुलाखतीला बसला होता आणि बोलताना सारखा माफी मागत होता.

दुसरा आक्षेप कुणी उघड घेणार नाही, पण तो खरा आहे. आकडे वाईट निघाले तर प्रवेश कमी होतील. होतील कदाचित. मी औषधांच्या धंद्यात आहे. आमच्या प्रत्येक खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो आणि त्यावर बारीक अक्षरात सगळे दुष्परिणाम छापलेले असतात. अगदी हजारात एकाला होणारेही. त्यामुळे औषध खपणार नाही, असं म्हणायची कुणाला मुभा नाही. घेणाऱ्याला कळलंच पाहिजे, हे तत्त्व आहे. पदवी ही गोळीपेक्षा जास्त काळ शरीरात राहते.

आता या नोंदींची आजच इतकी निकड का, ते सांगते. काम बदलतं आहे, आणि ते आमच्या टेबलापाशी कसं बदललं हे मी पाहिलं आहे.

मी लागले तेव्हा एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, नमुने हाताने द्यायचे असत. एक इंजेक्शन, मग पंचवीस मिनिटं थांबायचं, मग दुसरं. रात्रपाळीला आम्ही दोघी आळीपाळीने बसायचो. आता नमुने आपोआप देणारा ऑटोसॅम्पलर आहे. संध्याकाळी तीस कुप्या लावून जायचं, सकाळी तीस आलेख तयार. आलेखात प्रत्येक घटकाचं एक शिखर येतं, त्या शिखरांखालचं क्षेत्रफळ सॉफ्टवेअर मोजतं, अहवालाचा मसुदाही तेच करतं. रात्री बसणाऱ्या दोघींची गरज संपली. याचं मला दुःख नाही, ते काम कंटाळवाणंच होतं. पण त्या कंटाळवाण्या रात्रींत आमची नजर तयार झाली. घटक वेगळे करणारी नळी, म्हणजे कॉलम, म्हातारा झाला की शिखर कसं फताडं होतं, द्रावकात हवा राहिली तर आधाररेषा कशी थरथरते, हे कुणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं. नव्या मुलांना तो काळच मिळत नाही. पहिल्या पायरीवरचं काम यंत्राने घेतलं आणि निवाडा करायची जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून अंगावर आली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रभरच्या आलेखांत एक लहानसं जादा शिखर सगळ्या नमुन्यांत आलं होतं. सॉफ्टवेअरने त्याला अशुद्धी म्हणून नोंदवलं, टक्केवारीही काढली. औषधाचा आख्खा लॉट अडकणार होता. कामावर लागून चार महिने झालेल्या एका मुलीने आम्ही सगळे ओलांडून गेलेला आलेख उघडला, तो ब्लँकचा. ब्लँक म्हणजे ज्यात औषध नाहीच, नुसतं द्रावक. त्यातही तेच शिखर होतं. मग तिने दोन दिवस खपून शोध लावला. कुप्यांच्या झाकणातली रबरी चकती नव्या खोक्यातली होती आणि तिच्यातून काहीतरी द्रावकात उतरत होतं. औषध शुद्ध होतं. ही मुलगी तिच्या वर्गात पहिली नव्हती, दुसरीही नव्हती. मी तिला विचारलं, तुला ब्लँक बघायचं कसं सुचलं? ती म्हणाली, आमच्या प्रॅक्टिकलच्या बाई ब्लँक न दाखवता जर्नलवर सही करायच्या नाहीत.

त्या बाई कोण, मला माहीत नाही. त्यांनाही बहुधा माहीत नसेल की त्यांच्या त्या एका हट्टाचं काय झालं. त्यांना हे कळायची सोयच नाही. तुमचा विभाग विद्यार्थ्यांचा माग ठेवत असता, पाच वर्षांनी त्यांना एकच प्रश्न विचारत असता की इथलं काय उपयोगी पडलं, तर त्या बाईंचा हट्ट इतर दहा प्रॅक्टिकलमध्ये गेला असता.

उलट बाजूही कळली असती. बहुतेक प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधी माहीत असतं आणि रीडिंग नंतर ‘बसवलं’ जातं. मी बसवलेली आहेत. आम्ही सगळ्यांनीच बसवली, कारण बरोबर उत्तराला गुण होते आणि चुकीच्या रीडिंगवर विचार करायला काहीच नव्हते. नोकरीत पहिलं वर्ष मी ती सवय मोडण्यात घालवलं. यंत्रं हुशार होत असताना ही सवय फार महागात पडते. यंत्र आकडा देतंच, कधीही अडत नाही. तो आकडा खरा मानायचा की नाही, हे सांगायला माणूस लागतो, आणि उत्तर आधी ठरवून रीडिंग लिहिणारा माणूस या कामाला निरुपयोगी.

स्टेफनी क्वोलेक हे नाव रसायनशास्त्राच्या मुलांना केव्हातरी सांगत जा. १९४६ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतली, पुढे वैद्यकीय शिक्षणाला पैसे जमवायचे म्हणून ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत तात्पुरती नोकरी धरली. १९६५ च्या सुमारास तिच्या चंचुपात्रात एक पातळ, गढूळ द्रावण तयार झालं. असं द्रावण सहसा टाकून देत. धागा काढायच्या यंत्रावरचा माणूस ते घालायला तयार नव्हता, भोकं बुजतील म्हणून. तिने आग्रह धरला. त्यातून निघालेल्या धाग्याला पुढे केव्हलार हे नाव मिळालं, गोळी अडवणाऱ्या जाकिटांत वापरतात तो. तिच्याकडे डॉक्टरेट नव्हती. नको असलेलं रीडिंग फेकून न देण्याची बुद्धी होती.

आमच्या टेबलावर जे घडलं तेच मोठ्या प्रमाणावर सगळीकडे घडतं आहे. मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प १९९०ला सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तेरा वर्षं आणि सुमारे तीन अब्ज डॉलर. आज तेच काम हजार डॉलरच्या आत आणि एक-दोन दिवसांत होतं. त्या वाचनासाठी जेलच्या पाट्या ओतण्यात आणि त्यांवरच्या पट्ट्या वाचण्यात ज्यांचं कौशल्य होतं, त्यांचं ते कौशल्य काही वर्षांतच निरुपयोगी झालं. त्याच वेळी, समोर येऊन पडलेल्या माहितीच्या ढिगाऱ्याचा अर्थ लावणारी माणसं पुरेनाशी झाली. जी माणसं एका कामावरून दुसऱ्या कामावर जाऊ शकली, ती कशामुळे जाऊ शकली? हा प्रश्न विज्ञान विभागांनी स्वतः अभ्यासायला हवा होता. त्यांच्याकडेच ती माणसं होती.

प्रथिनांचंही तसंच. एका प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडण्यात एकेका विद्यार्थ्याची डॉक्टरेट खर्ची पडत असे. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने ती अमिनो आम्लांच्या क्रमावरून वर्तवून दाखवली आणि २०२२ च्या जुलैपर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना खुल्या झाल्या. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर यांना आणि अल्फाफोल्ड घडवणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळालं. रचना कळावी म्हणून प्रथिनांची स्फटिकं वाढवण्यात तारुण्य घालवलेल्यांना हे बघून काय वाटलं असेल, याची मी कल्पना करू शकते. पण हे यंत्र शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर. ती १९७१ मध्ये फक्त सात रचनांनिशी सुरू झाली. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या स्फटिकशास्त्रज्ञांनी आपल्या रचना तिथे जमा केल्या, सगळ्यांसाठी खुल्या, ठरलेल्या नमुन्यात. त्या नोंदींचा पुढे काय उपयोग होईल, हे त्या सात रचना ठेवणाऱ्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. रेणूंच्या बाबतीत तुमच्या शास्त्राने हे करून दाखवलं आहे. माणसांच्या बाबतीत तेवढंच करा, असं मी म्हणते आहे.

आता जरा व्यक्तिगत लिहिते. एमएस्सीनंतर मी डॉक्टरेट करावी, अशी माझ्या गाइडची इच्छा होती. घरची स्थिती तशी नव्हती. मी नोकरी धरली आणि पेढे घेऊन त्यांना सांगायला गेले. ते एवढंच म्हणाले, ‘वाया गेलीस.’ रागाने नाही, खरोखर वाईट वाटून म्हणाले. माझ्यावर त्यांचा जीव होता, म्हणूनच तो शब्द जास्त लागला. पुढची कितीतरी वर्षं मी विभागात पाऊल टाकलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं निमंत्रण आलं तरी जावंसं वाटलं नाही, तिथे आपण काय सांगायचं म्हणून. विद्यार्थी विभागाशी संपर्क ठेवत नाहीत, अशी तुमची तक्रार असते. त्यामागे असे शब्द किती असतील, याचा कधी विचार करा. संशोधनाच्या वाटेवरून दुसरीकडे गेलेल्यांना तुमच्या अहवालांत ‘गळती’ म्हणतात. नळातून सांडलेल्या पाण्याला गळती म्हणतात. निम्म्याहून अधिक माणसं जर ‘गळत’ असतील, तर नळाचं तोंड कुठे आहे, हे ओळखण्यातच काहीतरी चूक होते आहे.

गर्ट्रूड एलियन १९३७ साली रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा महामंदी होती आणि प्रयोगशाळांना बाई नको होती. संशोधनासाठी तिला शिष्यवृत्ती मिळेना. तिने बिनपगारी मदतनीस म्हणून काम केलं, शाळेत शिकवलं, रात्री आणि शनिवार-रविवारी प्रयोग करत मास्टर्स पूर्ण केलं. पदवीनंतर पाच वर्षांनी ती एका किराणा दुकानांच्या साखळीसाठी लोणच्याची आम्लता आणि मेयॉनीजमधल्या अंड्याच्या बलकाचा रंग तपासत होती. त्या वेळी तिच्या विभागाने नोंद केली असती तर तेवढंच लिहिलं गेलं असतं. १९४४ मध्ये ती बरोज वेलकम कंपनीत लागली. रक्ताच्या कर्करोगावरचं मर्कॅप्टोप्युरिन आणि अवयव प्रत्यारोपणात लागणारं अ‍ॅझाथायोप्रिन ही तिच्या आणि तिच्या सहकाऱ्यांच्या कामाची फळं. १९८८ मध्ये नोबेल मिळालं. डॉक्टरेट तिची कधीच पूर्ण झाली नाही. म्हणूनच मी म्हटलं की पंधरा महिने थोडे आहेत. पाच वर्षांनी बघा, दहा वर्षांनी बघा, वीस वर्षांनीही बघा.

पण एलियनचं उदाहरण देऊन थांबले तर मीही तेच केलं असं होईल, जे प्रत्येक सत्कार समारंभात होतं. डग्लस प्रॅशर या अमेरिकी शास्त्रज्ञाचंही सांगायला हवं. जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्याने १९९२ मध्ये वेगळं करून त्याचा क्रम लावला. पुढच्या संशोधनाला निधी मिळाला नाही, तेव्हा त्याने ते जनुक इतर संशोधकांना मोकळ्या मनाने पाठवून दिलं. २००८ साली त्या प्रथिनावरच्या कामासाठी तिघांना नोबेल जाहीर झालं तेव्हा प्रॅशर एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांना घरी सोडणारी गाडी चालवत होता. ज्यांना पारितोषिक मिळालं त्यांनी त्याचे जाहीर आभार मानले आणि काही वर्षांनी त्यांच्यापैकी एकाच्या प्रयोगशाळेत तो पुन्हा कामाला लागला. मधली वर्षं कुणी भरून देऊ शकलं नाही. नोंदवहीत त्या वर्षांनाही जागा हवी. ज्यांना काम मिळालं नाही, ज्यांनी मुलांसाठी किंवा आजारी आईवडिलांसाठी काम सोडलं, जे सापडलेच नाहीत, त्या सगळ्यांना हवी. न सापडलेल्यांचा आकडा वेगळा छापा. शंभरांतले साठच सापडले असतील तर साठच सापडले असं लिहा. चाळीस जण सुखात असतील असं गृहीत धरणं म्हणजे पुन्हा रीडिंग बसवणंच.

यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. विभागात दरवर्षी प्रकल्प शोधत फिरणारे विद्यार्थी असतात. त्यांतल्या दोघांना हा प्रकल्प द्या. आधीच्या तुकड्यांना शोधताना त्यांनाच कळेल की पदार्थविज्ञान शिकलेला माणूस विमा कंपनीत जोखमीचं गणित करतो आहे, वनस्पतिशास्त्राची पदवीधर पेटंटचे मसुदे तपासते आहे, प्राणिशास्त्रवाला रुग्णालयात वैद्यकीय चाचण्यांची आकडेवारी सांभाळतो आहे, कुणी शाळेत शिकवतो आहे आणि तिथे आनंदात आहे. नावं छापू नका, त्याची गरजही नाही आणि कुणाला ते आवडणारही नाही. वर्ष, विषय, काम, पगाराचा साधारण पट्टा, आणि इथलं काय कामी आलं. जमलं तर त्यांतल्या चौघांना वर्षातून एकदा वर्गात बोलवा. यशस्वी माजी विद्यार्थी म्हणून शाल देऊन नको. खुर्चीत बसवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. माझ्यासमोर मुलाखतीत गप्प राहणारी मुलं तिथे बोलतील.

आणि हे कपाटात ठेवू नका. प्रवेशाच्या माहितीपुस्तकात अभ्यासक्रमाच्या आधी छापा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला विभागप्रमुखाने स्वतः वाचून दाखवा. प्रश्न विचारायला लाजणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना निदान कळेल की हा प्रश्न इथे विचारायचा असतो.

माझे गाइड आता हयात नाहीत. गेल्या वर्षी मी बऱ्याच काळाने विभागात जाऊन आले. त्यांच्या खोलीत आता दुसऱ्या बाई बसतात. त्यांनी आपुलकीने चहा पाजला आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत काही लिहा म्हणाल्या. मी त्या वहीत काही लिहू शकले नाही. जे लिहायचं होतं त्याला त्यात रकाना नव्हता. ते इथे लिहिते. तुमची नोंदवही सुरू झाली की यातलं पहिल्या पानावर उतरवून घ्यायला माझी हरकत नाही.

विषय: रसायनशास्त्र, एमएस्सी.
पहिलं वर्ष: पाच महिने काम नाही. नंतर औषधतपासणी प्रयोगशाळेत शिकाऊ.
पाचवं वर्ष: अ‍ॅनालिस्ट. रात्रपाळी. मुलीचा जन्म, सात महिने काम बंद.
दहावं वर्ष: अ‍ॅनालिस्टांच्या गटाची प्रमुख. संख्याशास्त्र स्वतः पुस्तकातून शिकले, ते तुमच्याकडे शिकवायला हवं होतं.
एकोणिसावं वर्ष: प्रयोगशाळेची प्रमुख. हाताखाली अठ्ठावीस जण, त्यांतले सव्वीस विज्ञानाचे पदवीधर.
काय कामी आलं: खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे, हे.

कळावे,

आपली,
एक माजी विद्यार्थिनी